गाडी नसलेल्याच्या खिशातलं पेट्रोल

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्याचा आशय असा: पेट्रोल-डिझेल महागलं की ओरडतात ते गाडीवाले, गरिबाकडे गाडीच नाही, त्याला काय फरक पडतो? लिटरमागे दहा रुपये वाढले तर महिन्याला दोनशे जास्त जातील, एक सिनेमा कमी पाहा. भाव जगातच वाढतात, त्याला इथे कोण काय करणार? टंचाई नसतेच, लोक घाबरून रांगा लावतात. आणि एवढं जड जात असेल तर इलेक्ट्रिक गाडी घ्या.

पुढे पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत, म्हणून उत्तर देते आहे. मी नागपुरात मेडिकल चौकाजवळ राहते.

गाडी नाही त्याला फरक नाही, या वाक्यापासूनच सुरुवात करू. ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचं भाडं १७.१७ टक्क्यांनी वाढलं आणि त्यामागे डिझेलची दरवाढ हे मुख्य कारण होतं. ज्यांनी जन्मात पेट्रोल विकत घेतलं नाही त्यांनी ते पैसे भरले. मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून माणसं येतात, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटहूनही येतात. रुग्णासोबत एक जण धरला तरी दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं, वर दोघांचीही मजुरी बुडते. परवा औषधाच्या दुकानात माझ्यापुढे उभे असलेले एक काका विचारत होते, "तारखेले नाही आलो, महिन्याभरानं आलो तं चालंल का? गोळ्या तेवढ्या जास्तीच्या देऊन द्या." साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी बोलावलेलं असताना ते तपासणी पुढे ढकलत होते, कारण गोळ्यांपेक्षा प्रवास महाग पडत होता. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा आधार फार मोठा आहे. पण गावापासून एसटीच्या थांब्यापर्यंत आणणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये ती सवलत नाही.

तेल म्हणजे चुलीवरचा गॅसही. आपण वापरतो त्यातला निम्म्याहून अधिक एलपीजी बाहेरून येतो, तोही बहुतेक आखातातून. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत कोट्यवधी घरांत सिलिंडर पोहोचलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण २०२१-२२ मध्ये या घरांनी वर्षाला सरासरी चारसुद्धा सिलिंडर भरली नाहीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या गावी, भिवापूरकडे, त्यांची सून पाहुणे आले की गॅस पेटवते आणि एरवी काड्यांवर रांधते. "सिलिंडर तं आहे, भरू कायनं?" असं ताई म्हणाल्या. धूर त्या सुनेच्या आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो. मेसेजमधल्या हिशेबात तो कुठे मांडला आहे?

आता ते दोनशे रुपये. स्कूटरवर ऑफिसला जाणाऱ्याचा हिशेब तेवढा असेलही. पण जेवणाचे डबे आणि पार्सलं पोचवणारा पोरगा दिवसाला सहज शंभर किलोमीटर फिरतो, आणि पेट्रोल त्याचं स्वतःचं असतं. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर रोज सव्वादोन लिटर. दहा रुपयांची वाढ म्हणजे २६ दिवसांत पावणेसहाशे रुपये. चार माणसांच्या घरात त्यात महिन्याची तूरडाळ येते. कळमन्याच्या, म्हणजे नागपूरच्या घाऊक बाजारात येणाऱ्या मालाचंही तेच. ट्रकच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा डिझेलचा. तो भाजीच्या भावात उतरतो आणि पायी चालणाराही तीच भाजी घेतो.

भाव जगात ठरतात हे अर्धंच खरं आहे. एप्रिल २०२० मध्ये कच्चं तेल कोसळलं होतं. मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं, त्यामुळे ती स्वस्ताई पंपापर्यंत आलीच नाही. मे २०२२ मध्ये हेच शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी उतरवलं, त्याच जुलैत राज्याने व्हॅट कमी केला, आणि भाव खाली आले. म्हणजे करता येतं.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात: ई-रिक्षांनी आपल्या शहरात अनेकांना रोजगार दिला, मला त्याचा आनंद आहे. पण ज्याच्या जुन्या बाइकचे हप्ते फिटायचे आहेत, जो भाड्याच्या एका खोलीत राहतो, त्याने नवी गाडी घ्यायची कशी आणि रात्री ती लावायची कुठे?

राहिली टंचाई. जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस नागपूरकरांना आठवत असतील. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या थांबवल्या, टँकर अडकले आणि पंपांवर रांगा लागल्या. भीतीने रांगा वाढल्या, हे मान्य. पण त्या रांगेत सगळे सारखे नव्हते. टाकी फुल करणारा एकदा उभा राहिला आणि पुढचे पंधरा दिवस निश्चिंत झाला. "शंभरचं टाक" म्हणणाऱ्याकडे साठा नसतोच, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत यावं लागतं. ऑर्डरमागे पैसे मिळणाऱ्याला रांगेतल्या दोन तासांचे काहीच मिळत नाहीत. २०२२ मध्ये श्रीलंकेत टंचाई महिनोन् महिने चालली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि इंधनाच्या रांगेत उभ्या असलेल्या वयस्कर माणसांचे जीव गेले.

आपल्याकडे ते दोन दिवसांत मिटलं. तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुलगा पेट्रोल संपलेली बाइक ढकलत चालला होता. पाठीवर पार्सलची पिशवी होती आणि फोनवर तो कुणाला तरी सांगत होता, "दादा, ऑर्डर कॅन्सल नका करू, मी पायी घेऊन येतो."