प्लग काळा, म्हणून शिक्षा कार्बोरेटरला

जुन्या टू-स्ट्रोक जावा-येझदी मोटरसायकलवाल्यांत सध्या स्पार्क प्लगबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय: ‘प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त. एअर स्क्रू उघडा, गरम प्लग टाका. प्लग पांढरा दिसला की ट्यूनिंग जमलं.’

एअर स्क्रू म्हणजे कार्बोरेटरवरचा, हवा कमी-जास्त करणारा स्क्रू; गरम प्लग म्हणजे स्वतःची उष्णता जास्त धरून ठेवणारा. आधी काळ्याचं. कोरडी काजळी असेल तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असू शकतं, पण ठिणगी अशक्त असली तरी अशीच काजळी धरते. म्हणून ठिणगी घडवणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटची गॅप 0.4 मिमी आहे का, ते आधी बघा. प्लग तेलकट, ओला काळा असेल तर प्रकरण वेगळं. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑइल मोजून टाकूनही तसं होत असेल, तर क्लचकडच्या क्रँक सीलवर (क्रँकशाफ्टच्या टोकाशी ऑइल-हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावर) संशय घ्या. तिथून गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये खेचलं जातं. धूर सुटतो, गिअरबॉक्समधली पातळी उतरते. एअर स्क्रू त्याला काय करणार? तो आयडल (थ्रॉटल सोडल्यावरची संथ चाल) आणि फार तर पाव थ्रॉटलपर्यंतचा मालक. शिवाय पुण्याच्या लक्ष्मी रोडवर अर्धा तास रांगत आल्यावर काढलेला प्लग काळा नसेल तर कसा असेल? चढावर थ्रॉटल पूर्ण देऊन चालवा, तसं चालतानाच क्लच दाबून इग्निशन बंद करा, आणि बाजूला थांबून मग प्लग काढा.

गरम प्लग काजळी जाळतो खरा, पण कारण तसंच ठेवतो आणि दिवे घाटाच्या चढावर पिस्टनला भोक पाडायची सोय करतो. नाना पेठेतल्या दुकानात प्लग मागताना आकड्यांची गंमत लक्षात ठेवा: मायकोच्या जुन्या डब्ल्यू 175 पेक्षा डब्ल्यू 225 थंड (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा), नव्या क्रमांकात मात्र डब्ल्यू 7 पेक्षा डब्ल्यू 5 थंड. दुकानदाराला ‘एक नंबर वरचा द्या’ म्हणालात तर काय हातात पडेल, देव जाणे.

पांढऱ्या प्लगवर खूश होणाऱ्यांत एकेकाळी मीही होतो. माझी येझदी थ्रॉटल सोडला तरी ओरडतच राहायची, आयडल वर-खाली व्हायचं, आणि मी मायलेजचं कौतुक सांगत फिरायचो. कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या फ्लेंजचे (चपट्या कडेचे) दोन नट मीच जीव खाऊन आवळले होते. दोन्ही टोकं वाकली, मधे फट पडली, तिथून नुसती हवा आत, म्हणून प्लग पांढरा. पेट्रोल कमी म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही कमी. पिस्टन अडकून इंजिन सीझ व्हायला तेवढं पुरतं.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलला ठेवून फ्लेंजच्या जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडा. आवाज बदलला की गळती तिथेच. पेट्रोल शिंपडायचा शहाणपणा करू नका. मी माझी फ्लेंज जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासली, गॅस्केट बदलली, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळले.

तरीही आयडल चढत असेल तर क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं, डायनामोकडचं सील बघा. ते गेलं की ऑइल नाही, हवा आत येते. एकाच क्रँकची दोन सीलं: एक गेलं की प्लग काळा, दुसरं गेलं की पांढरा.