एचओडींचं पत्र आणि लहानपणीचा रेडिओ

ऑगस्ट लागला की अमेरिकेत एमएसला, म्हणजे मास्टर्स करायला, जाऊ पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो : ‘ॲडमिशनचा हमखास फॉर्म्युला’. जीआरई ही प्रवेशपरीक्षा ३२०च्या वर हवी, शिफारसपत्र एचओडी (विभागप्रमुख) नाहीतर प्रिन्सिपलचंच, एसओपीची (काय शिकायचंय आणि का, ते सांगणाऱ्या निबंधाची) सुरुवात लहानपणापासून, सीजीपीए (सरासरी ग्रेड) ४च्या स्केलवर बदलून भरा आणि ते शिफारसपत्र बघायचा हक्क अजिबात सोडू नका. ओळखीतल्या मुलांचे अर्ज मी वाचून देतो, त्यामुळे हा मेसेज मला दर वर्षी चार ठिकाणांहून येतो.

जीआरईचं लगेच संपवू. ३४०पैकी ३२० वाईट नाहीत, पण एमआयटीचा ईईसीएस (इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर सायन्सचा) विभाग हे गुण घेतच नाही आणि बऱ्याच ठिकाणी ते ऐच्छिक आहेत. आधी विभागाचं पान उघडा, मग क्लासची फी भरा.

खरं नुकसान होतं पत्रात. एचओडींच्या हाताखाली साठ-सत्तर पोरं. ते ‘सिन्सियर, हार्डवर्किंग, पंक्च्युअल’ लिहिणार, दुसरं काय लिहिणार? गेल्या वर्षी एका मुलीला असंच लेटरहेडवरचं पत्र हातात मिळालं. दुसऱ्या परिच्छेदात ‘हिज’ तसंच राहिलं होतं. म्हणजे आधीच्या कुणा मुलाचं पत्र, फक्त नाव बदललेलं. कार्नेगी मेलनमधल्या एका प्राध्यापिकेनं पीएचडीच्या अर्जांबद्दल लिहिलेली मार्गदर्शिका प्रसिद्ध आहे. ‘वर्गात चांगला होता’ एवढंच सांगणाऱ्या पत्राला तिथे जवळजवळ शून्य किंमत आहे.

याच मुलीचा फायनल इयरचा प्रोजेक्ट होता द्राक्षाच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखण्याचा. इंटरनेटवरच्या फोटोंवर मॉडेल झकास चाललं. नाशिकजवळच्या मामाच्या बागेत नेलं तर निरोगी पानांवरही ‘भुरी’ सांगायला लागलं. फवारणीचे पांढरे डाग त्याला भुरी वाटत होते. तिनं आठवडाभर बागेत बसून डागवाली पानं वेगळी टिपली आणि मॉडेल पुन्हा शिकवलं. हे सगळं तिच्या गाइड सरांनी पाहिलेलं. ते साधे असिस्टंट प्रोफेसर, पण सांगण्यासारखं त्यांच्याकडेच होतं.

मेसेजच्या शेवटी एक ‘टीप’ही असते : सरांना वेळ नसेल तर त्यांच्या नावानं जीमेल काढून पत्र आपणच अपलोड करा. याला फॉर्म्युला म्हणत नाहीत, बनवेगिरी म्हणतात. पकडलं गेलं तर मिळालेला प्रवेशही जातो.

आता एसओपी. यंदा माझ्याकडे आलेल्या सातांपैकी चौघांनी लहानपणी काहीतरी खोललंय : दोन रेडिओ, एक मिक्सर, एक पंखा. चौघांच्याही आया ओरडल्या आहेत. खरं असेलही, आमच्या घरचा रेडिओ मीही खोलला होता! पण त्यावरून तुम्हाला नेमकं काय शिकायचंय ते कळत नाही. भुरीवालीच्या पहिल्या मसुद्यातही कॅलिडोस्कोप होता. तो काढला आणि पहिलंच वाक्य आलं फवारणीच्या डागांचं. पुढे कुठल्या लॅबमध्ये काम करायचंय आणि का, हे आपोआप जोडलं गेलं.

सीजीपीएचं म्हणाल तर बहुतेक फॉर्मवर गुणांशेजारी ‘स्केल’चा रकाना असतो. तिथे १० लिहा आणि मार्कशीटवर आहे तोच आकडा भरा. २.५नं भागून ८.२चे ३.२८ करण्याचा उद्योग तिथे कुणी सांगितलेला नाही. टक्के काढायला ९.५नं गुणायचं सूत्र तर सीबीएसईच्या दहावीचं होतं!

राहता राहिला पत्र बघण्याचा हक्क. तो विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींबद्दलच्या अमेरिकेतल्या १९७४च्या ‘फर्पा’ कायद्यातून येतो आणि त्या विद्यापीठात प्रवेश घेतल्यावरच लागू होतो. म्हणजे अर्ज पाठवण्याआधी पत्र वाचून घेण्यासाठी तो कामाचाच नाही. उलट हक्क राखून ठेवलात तर वाचणाऱ्याला शंका येते की सरांनी हात राखून लिहिलंय, आणि काही प्राध्यापक मग लिहायलाच नकार देतात.

भुरीवालीनं हक्क सोडला. गाइड सरांनी विद्यापीठाच्या लिंकवरून पत्र थेट पाठवलं. त्यात काय होतं, तिला अजून माहीत नाही.