कानउघाडणी

परवा शनिवारी एका परक्या गृहस्थाने मला चारचौघांत सांगितलं, की माझे कान अजून उघडलेले नाहीत. वय वर्षं ५६. गेल्याच महिन्यात डॉक्टरकडे सातशे रुपये मोजून दोन्ही कानांतला मळ काढून आणलाय. अजून किती उघडायचे?

झालं एवढंच, की आमच्या सीडी प्लेअरचा ट्रे आत गेला तो बाहेर यायचं नाव घेईना. आत केसरबाई केरकर अडकल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, सगळ्या सीडी हार्ड डिस्कवर घेतल्यात मी. एक चांगला डिजिटल प्लेअर आणा आणि विषय संपवा." तो संपवायला मी पुण्यातल्या एका शोरूममध्ये गेलो.

बजेट विचारलं, तेव्हा मी जरा छाती काढूनच "पन्नास हजार" म्हणालो. तिथला पोरगा दुखवट्याला आल्यासारखा हळू बोलला, "एन्ट्री लेव्हल दाखवतो, सर." मग कळलं, की एका डब्यात भागत नाही. गाणं आणणारा स्ट्रीमर वेगळा, आकड्यांचा आवाज करणारा डॅक वेगळा, आणि या दोघांना वीज पाजणारा डबा आणखी वेगळा. आमच्या वडिलांचा ट्रान्झिस्टर एकटा संसार करायचा. त्याला पिळायला बटणही होतं.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर सफारी घातलेले एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, मालक. नंतर समजलं, चार वर्षं दर शनिवारी येतात, अजून साधी पिनसुद्धा विकत घेतलेली नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

"घरी वीज कशी आहे?"

"आहे की. मंगळवारी दोन तास गेली होती."

"तसं नाही हो. शुद्ध आहे का?"

मी गप्प.

"आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. लिफ्ट वर गेली, की आमच्याकडे तानपुरा खाली येतो. म्हणून मी रात्री दोननंतरच ऐकतो. लोकांचे मिक्सर, गीझर, टीव्ही बंद. तेव्हाची वीज म्हणजे निवळलेलं विहिरीचं पाणी! तुम्ही कधी ऐकता?"

"संध्याकाळी. भाजी निवडताना."

पुरणपोळीवर सॉस मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग पोरग्याने एक ठुमरी आधी पंचेचाळीस हजारांच्या डब्यावर लावली. थोड्या वेळाने मागे जाऊन काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाला, "आता साडेतीन लाखांचा ऐका." मी ऐकलं. "वा! आता कसा गळा मोकळा झाला!"

"सॉरी सर, अजून इनपुट बदललेलं नाहीये."

सोफ्यावरून आवाज आला, "त्यांचा दोष नाही. कान उघडलेले नाहीत अजून."

आता, माझ्या 'वा!'च्या पाठोपाठ याच गृहस्थांनी मांडीवर थाप मारून "क्या बात है!" म्हटलं होतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पण बोललो नाही, आणि तेच अजून डाचतंय.

बरं, हिशेब बघा. १९८२ साली सीडी आली ती सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेऊन. त्यात त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे साधारण २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाला फार तर २० हजारांपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी. माझी धाव बारा हजारांच्या आसपास संपत असेल. आणि हे मला १९२ किलोहर्ट्झ विकणार, सेकंदाला १,९२,००० नमुने, म्हणजे ९६ हजारांपर्यंतची सोय. वटवाघळं जेवायला बोलवायची असतील, तर ठीक.

त्यातून मला ऐकायच्या केसरबाई. त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या, खरखरीसकट. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर धाडली. सोबत सुई दिली आणि ती कशी लावायची त्याचं चित्र. म्हणजे परग्रहावरच्यांचं एका सुईवर भागणार. आमच्या हॉलमध्ये यायला मात्र बाईंना साडेतीन लाख लागतात.

आणि लाख ओतले तरी डब्याला बटणं नाहीत! फोनवर ॲप घ्या, खातं उघडा, पासवर्ड ठेवा. "उद्या कंपनीने ॲप बंद केलं तर?" असं मी विचारलं, तर पोरगा म्हणाला, "तोपर्यंत तुम्ही अपग्रेड केलेलं असेल, सर." राग येतो हो. ट्रान्झिस्टर बिघडला तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला डाग देऊन परत करायचा. याला डाग कुठे देणार?

काही न घेता परत आलो. पोराच्या लॅपटॉपमधून लाल-पांढऱ्या पिनांची वायर जुन्या अँप्लिफायरला लावली. आणि बायकोला सांगू नका, पण त्याच रात्री सव्वादोनला उठलो. पंखा बंद केला, आवाज अगदी बारीक ठेवला. बाईंनी सूर लावला आणि अंगावर काटा आला. खरखरीच्या मागचा श्वाससुद्धा ऐकू आला. गृहस्थांचं बरोबर होतं की काय, या विचाराने मला घाम फुटला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिज घर्रर्र करून सुरू झाला आणि बाई पुन्हा संध्याकाळच्या झाल्या.