मंगळवारचा हप्ता आणि खाड्याचा हिशोब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

वस्तीतल्याच बायकांना चार महिने शिकवून आम्ही सांगलीत ५० रुपयांत समुपदेशन करतो, त्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही अगदी पोटतिडकीनं प्रतिक्रिया दिलीत. तुम्ही मानसशास्त्रात एमए करून मिरजेत काम करता, म्हणून ती जास्त लागली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पैसेवाल्याला शिकलेला तज्ज्ञ आणि गरिबाला चार महिने शिकवलेली ‘अर्धवट’ शेजारीण, हा गरिबावर दुसऱ्यांदा अन्याय आहे. शिवाय पोटाची भ्रांत असलेल्याला बोलून काय मिळणार, आणि वर ५० रुपये तरी का घ्यायचे?

आधी जे पटलं ते. चार महिने शिकवून कार्यकर्तीला एकटं सोडणं घातकच. आमच्याकडून हे झालंय. कॉलेजच्या एका पोराच्या कानात आवाज यायचे, आणि आमची कार्यकर्ती पाच आठवडे त्याच्याशी अभ्यासाच्या ताणाबद्दल बोलत राहिली. त्याला पहिल्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं होतं. चूक तिची नव्हती, माझी होती. अडलं तर विचारायचं कुणाला, हे मी ठरवूनच दिलं नव्हतं. त्यानंतर दर शनिवारी मानसशास्त्रज्ञासमोर आठवड्याच्या सगळ्या केसेस मांडायला लागलो. आवाज येणं, सलग काही रात्री डोळ्याला डोळा न लागणं, जीव द्यायचा विचार, यातलं काहीही दिसलं की वेळ न घालवता सिव्हिल. केसपेपर काढण्यापासून औषध हातात पडेपर्यंत आमच्यातलं कुणीतरी सोबत असतं.

पण ‘अर्धवट’ हा शब्द मी मान्य करणार नाही. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे तपासून पाहिलंय. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या लोकांबरोबर, पदवी नसलेली पण नीट शिकवलेली आणि देखरेखीखाली काम करणारी माणसं सहा ते आठ वेळा बसली. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना हे मिळालं नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत तर नैराश्याच्या दर १०० रुग्णांमागे सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. तुमच्याकडे जायचं की आमच्या कार्यकर्तीकडे, असा प्रश्न त्या ८५ जणांपुढे कधी आलेलाच नसतो.

एक प्रसंग सांगते, ओळख लागू नये म्हणून थोडा बदलून. मार्केट यार्डात हळद निवडायला जाणारी एक बाई रात्री पावणेआठला आली. नखांच्या कडा पिवळ्या, पदराला हळदीचा वास. खुर्चीत बसलीच नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, “मला डोक्याचं काय न्हाई. छातीत नुसतं धडधडतंय आन् झोप लागंना.” पिशवीत तीन ईसीजी, तिन्ही नॉर्मल. आमच्या कार्यकर्तीनं सल्ला वगैरे काही दिला नाही. एवढंच विचारलं, “कुठल्या वारी जास्त धडधडतं?”

बाई थबकली. “मंगळवारी,” म्हणाली. आणि मग आपसूक, “मंगळवारी गटाचा हप्ता असतोय.”

हा प्रश्न कार्यकर्तीला कसा सुचला? तिच्याही गल्लीत कर्जाच्या हप्त्याचा वसुलीवाला मंगळवारीच येतो. ताई, तुमच्या-माझ्या अभ्यासक्रमात हे कुठे होतं?

मग दोघींनी वहीत लिहून काढलं: कुणाचे किती, कुठला हप्ता मागं ढकलता येईल, नवऱ्याला न सांगता काढलेलं कर्ज कुठलं. शेवटी कार्यकर्तीनं सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटलं का कधी?” बाई विहिरीपर्यंत जाऊन परत आली होती. पोलीस केस होईल म्हणून कुणापुढे बोलली नव्हती. असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे, पण वस्तीत ते कुणी सांगितलंय? त्या रात्री तिला एकटीला सोडलं नाही. सकाळी दोघी सिव्हिलला गेल्या. गोळ्या चालू आहेत, आमच्याकडे येणंही चालू आहे.

कर्ज आहेच. बोलण्यानं कर्ज फिटतं असं मी कधी म्हटलं नाही. पण कुठला हप्ता आधी आणि कुठला मागाहून, हे ती आता कर्ज देणाऱ्यांच्या मॅनेजरला तोंडावर सांगते.

राहिली फी. ५० रुपये म्हणतो खरं, पण फीच्या डब्यात कुणी काय टाकलं हे आम्ही बघत नाही, त्यात दहाची नोटही असते. त्यातून खोलीचं भाडं निघतं. गरिबाला खरा महाग पडतो तो खाडा. जत किंवा कवठे महांकाळहून यायचं तर बाईला २०२३ पासून एसटीचं अर्धंच तिकीट पडतं, पण बुडालेली हजेरी कोण भरून देणार? म्हणून आम्ही संध्याकाळी सात ते नऊ बसतो. लांबच्यांसाठी हे पुरेसं नाही. तालुक्याच्या ठिकाणी बसायला माणसं हवीत, ती अजून मिळालेली नाहीत. तोवर त्यांना १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून देतो. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्यासारखं शिकलेलं माणूस आमच्या चुका बघायला असावं, असं मला मनापासून वाटतं. शनिवारी पाच वाजता आम्ही बसतो. या आठवड्यात दोन नव्या कार्यकर्त्या आहेत, आणि त्या पोराच्या बाबतीत काय चुकलं ते नाव-गाव न सांगता मी त्यांच्यापुढे मांडणार आहे. तुम्ही या, आणि मी काय गाळतेय ते तिथंच सांगा.