साडूचा किल्ला १८९ फूट

साडूला मी अमेरिकेतला फोटो दाखवला आणि माझ्या मनःशांतीचं वाटोळं झालं. तेही त्याच्याच जुळे सोलापुरातल्या बंगल्यात, त्याच्याच सोफ्यावर बसून, मेव्हणीने केलेली शेंगापोळी खाता खाता. फोटोत मी आणि आमची ही कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या किल्ल्यासमोर उभे आहोत. मी टोपीत, ही स्वेटरमध्ये. साडूने चष्मा कपाळावर चढवला, फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला, सोडून दिला आणि विचारलं,

"हे गेट का?"

"किल्ला आहे तो."

"असं होय. किती फूट?"

आता किल्ल्यासमोर माणूस फोटो काढतो, टेप लावत नाही. मला काही सांगता येईना. साडू मात्र तयारीत होता. "आमचा एकशे एकोणनव्वद," म्हणाला आणि पोळीवर तूप ओतून घेतलं.

रात्री अकरा वाजता पोराला इर्व्हाइनला फोन लावला. तिकडे सकाळ, तो मीटिंगला बसणार एवढ्यात. "बाबा, सगळं ठीक ना? आई बरी आहे ना?" आवाज कापत होता. म्हटलं, "सगळं ठीक आहे रे. आपण पाहिला तो किल्ला किती फूट?"

सत्त्याहत्तर.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. माझा पोरगा अमेरिकेच्या या टोकाला, साडूची पोरगी त्या टोकाला टॅम्पात. साहजिकच आम्हाला नेलं अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडला, त्यांना फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला. कंपनी एकच, उंदीर तोच, त्याचे कानही तेवढेच. तरी तेव्हापासून घरात बारसं असो की दहावं, पंगत बसली की आमच्या दोघांत कोणाचं डिस्ने खरं, हा विषय वाढपाच्या आधी येतो.

एक गोष्ट इथेच कबूल करून टाकतो, साडूच्या कानावर जाऊ नये. अ‍ॅनाहाइमला फाटकातून आत शिरलो, मेन स्ट्रीट संपला, समोर गुलाबी-निळा किल्ला दिसला, तेव्हा मीसुद्धा पोराला हळूच विचारलं होतं, "छान आहे रे. मोठा किल्ला कुठल्या बाजूला?" लहानपणापासून भुईकोटाच्या तटाखालून येजा केलेल्या माणसाला किल्ला म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पोराने समजावलं की वरवरचे दगड मुद्दाम लहान लहान करत नेलेत, त्यामुळे किल्ला आहे त्याहून उंच भासतो. ही कारागिरी मी पुढे मोठ्या अभिमानाने साडूला सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे, आहे त्याहून उंच दिसून एवढा दिसतो?"

तेव्हापासून मी उंची सोडून इतिहासाकडे वळलो. इतिहासात साडू कच्चा आहे.

वॉल्ट डिस्नेने १९५५ साली संत्र्यांच्या बागा काढून १६० एकरांवर पहिलं डिस्नेलँड उभं केलं, ते आमचं. १७ जुलैला उद्घाटन. त्या दिवशी खोटी आमंत्रणं छापून हजारो बिनबोलावलेले लोक आत घुसले. रस्त्याचं डांबर अजून ओलं होतं, त्यात बायकांच्या उंच टाचा रुतून बसल्या. ऊन मरणाचं. त्यात प्लंबरांचा संप झालेला, वेळ थोडा, म्हणून पिण्याच्या पाण्याचे नळ सुरू करायचे की संडासांचे, असा प्रश्न पडला तेव्हा डिस्नेने संडास निवडले. हे ऐकून आमच्या हिला एकदम त्या माणसाबद्दल आपुलकी वाटायला लागली. न बोलावलेली माणसं, ऊन आणि नळाला पाणी नाही, हे सगळं तिने आमच्या लग्नात पाहिलं होतं. आणि चार-चार दिवस नळाची वाट बघणाऱ्या गावाला डिस्नेचा तो निर्णय कोणी समजावून सांगायला नको.

पुढे काय झालं, तर पार्क चालला आणि शेजाऱ्यांचं फावलं. भिंतीला भिंत लावून लोकांनी लॉज काढले, हॉटेलं काढली, पाट्या लावल्या. गिऱ्हाईक आणलं डिस्नेने, गल्ला भरला शेजाऱ्यांचा. ही कळ मला आतून समजते. आम्ही बाळीवेशीत राहतो. आमच्या भिंतीत शेजाऱ्याची तुळई आहे, त्याच्या खिडकीत आमचा कपडे वाळत घालायचा बांबू, आणि आमच्या ओट्यावर कोणाची ना कोणाची मोटारसायकल. डिस्नेने मात्र ओट्यावरून भांडण न करता एक युक्ती केली. तिकडे फ्लोरिडात दलदलीची जमीन घ्यायला सुरुवात केली, भलत्याच कंपन्यांच्या नावावर, गुपचूप. खरा घेणारा कोण हे फुटेपर्यंत २७,००० एकर हातात आले होते. साधारण सॅन फ्रान्सिस्को शहराएवढी जागा.

हा भाग साडू स्वतः सांगतो, कारण जुळे सोलापुरात रान होतं तेव्हा त्यानेही असाच प्लॉट घेतला होता आणि कोणाला कळू दिलं नव्हतं. मलासुद्धा नाही. माझ्याकडून उसने घेतलेले आठ हजार त्या प्लॉटात गेले, हे मला वास्तुशांतीच्या दिवशी कळलं. त्यामुळे त्याने "काय जागा आहे तिथं, साडू, काय जागा!" असं म्हटलं की तो नक्की ऑरलँडोबद्दल बोलतोय की स्वतःच्या बंगल्याबद्दल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जागा आहे हे मात्र मान्य. आमच्याकडे पार्क दोन, गेटं समोरासमोर, मधल्या फरशीवरून शंभर-दोनशे पावलं चाललं की एकातून दुसऱ्यात. साडूकडे चार पार्क, वर पाण्याचे दोन, आणि एकातून दुसऱ्यात जायला बस. मुख्य पार्कला तर गाडी लावल्यावर आधी तळ्यापलीकडे जावं लागतं, मोनोरेलने नाहीतर बोटीने. साडू हे सांगताना छाती फुगवतो: "पार्किंगपासून गेटपर्यंत जायला आम्हाला बोट लागते!" मी म्हटलं, आमच्याकडे अक्कलकोटला जायला एवढा वेळ लागतो. पण त्याला ते कौतुकच वाटलं.

त्याचा दुसरा हुकमाचा पत्ता म्हणजे बोगदे. गोष्ट अशी सांगतात की डिस्नेलँडमध्ये एकदा वॉल्टला भविष्यकाळाच्या विभागातून एक काउबॉय चालत जाताना दिसला. ड्यूटीवर निघालेला कामगार बिचारा. पण मालकाचा जीव कळवळला. म्हणून फ्लोरिडात पार्कच्या खालून रस्ते काढले. कामगार, कचरा, कपडे सगळं तिथून जातं. तिकडे जमिनीत हातभर खणलं की पाणी, त्यामुळे बोगदे जमिनीवरच बांधले आणि वर माती टाकून पार्क केला. "आपण चालतो ना, तो वरचा मजला आहे!" साडू म्हणतो.

"म्हणजे चार दिवस तुम्ही गच्चीवर फिरलात," मी म्हटलं. माझं आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर. सासरेसुद्धा हसले.

माझ्याकडे चाच्यांची सफर आहे. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. आमच्याकडे १९६७ला सुरू झाली, साडूकडे १९७३ला, आणि त्यांची आखूड आहे. शिवाय अंधारात बोट धाडकन खाली घसरते, ती आमच्याकडे दोनदा, त्यांच्याकडे एकदाच. खरं सांगायचं तर पहिल्या घसरणीला हिने माझा दंड असा पकडला की नखांचे वण सोलापूरपर्यंत आले, आणि दुसऱ्या घसरणीची मला कल्पनाच नव्हती. पण "आम्ही दोनदा पडलो, तुम्ही एकदाच" हे वाक्य भर पंगतीत म्हणताना मला जो आनंद होतो, त्याला तोड नाही.

फाटकावरच्या तपासणीचीही गंमत सांगायला हवी. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे असं पोराने सांगितल्यामुळे हिने पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही-मिरची घेतली होती. तपासणीवाल्या बाईंनी भाकरी बाहेर काढली. कडक भाकरी आमच्याकडची, टेबलावर ठेवली तर तबकडीसारखा आवाज झाला. बाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली, उजेडासमोर धरली. मग चटणीची पुडी उघडून वास घेतला, दोन पावलं मागे सरकल्या, आणि डोळे पुसत आम्हाला आत जा म्हणून खूण केली. त्या दिवशी दुपारी आम्ही मेन स्ट्रीटच्या बाकड्यावर भाकरी मोडत बसलो होतो. समोर अग्निशामक केंद्राची इमारत. त्याच्या वरच्या मजल्यावर वॉल्ट डिस्नेची खोली होती. काम चालू असताना तिथे राहायचा. आता तो नाही, पण खिडकीत दिवा कायम लावलेला असतो. पोराने एवढं सांगितल्यावर हिने भाकरी कागदावर ठेवली, हात पुसले आणि खिडकीला नमस्कार केला.

हाच माझा शेवटचा आणि सगळ्यात भारी मुद्दा. वॉल्ट डिसेंबर १९६६मध्ये गेला. साडूचं डिस्ने वर्ल्ड उघडलं १ ऑक्टोबर १९७१ला. "आमच्या पार्कात मालक स्वतः हिंडलाय. तुमचा त्याने पाहिलासुद्धा नाही."

यावर साडू गप्प बसायला हवा होता. पण त्याने पोरीकडून माहिती मागवली होती. धाकटा गेल्यावर थोरला भाऊ रॉय निवृत्ती पुढे ढकलून कामाला लागला, पार्क पुरा केला, आणि लोकांनी भावाला विसरू नये म्हणून नुसतं डिस्ने वर्ल्ड नको, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणा, असा हट्ट धरला. पार्क उघडला त्याच वर्षी डिसेंबरात तोही गेला. हे सांगताना साडूचा गळा दाटून आला. त्याचं आणि त्याच्या भावाचं होटगी रोडच्या जागेवरून कोर्टात चालू आहे.

साडूने जे कधीच सांगितलं नाही ते मेव्हणीने स्वयंपाकघरात सांगितलं. जुलैचा महिना, रोज दुपारी तीनच्या सुमाराला ढग भरून यायचे, विजा सुरू झाल्या की उघड्यावरची सगळी चक्रं बंद. चार दिवस चार पार्क, पायाला फोड. तिसऱ्या दिवशी साडू जिराफ बघायच्या गाडीत बसल्या बसल्या झोपला आणि उतरल्यावर "सिंह छान होता" म्हणाला. "दाजी, तिथं कुणी सिंह बघितलाच नाही, झाडाखाली झोपला होता तो," मेव्हणी म्हणाली. दोघंही झोपले होते म्हणायचे. ही माहिती मी अजून वापरलेली नाही. योग्य पंगतीची वाट बघतोय.

यंदा किंक्रांतीला सासऱ्यांकडे जेवण होतं. गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस, रात्री होम मैदानावर दारूकाम. सासरे मिलमधून जॉबर म्हणून रिटायर झालेले, वय पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकू येतं तेवढंच ऐकतात. साडूने तिकडची रोज रात्रीची आतषबाजी सांगायला घेतली, मी आमच्याकडची. दोघांचं ऐकून सासरे म्हणाले, "तिकीट किती?"

"गर्दीच्या दिवशी दोनशे डॉलरच्या वरसुद्धा जातं," मी म्हणालो.

सासऱ्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. बराच वेळ लागला. मग वाटीतली चटणी बोटाने सारखी करत म्हणाले, "मालक एकच ना दोन्हीचा? मग जावई, भांडता कशाला. एकाच गल्ल्यात टाकून आलाय दोघं."

पंगत हसली. साडू आणि मी आमटी प्यायलो. प्रकरण तिथेच मिटायचं, पण कोपऱ्यात तीन वर्षं गप्प बसून जेवणारा मेहुणा एकदम म्हणाला, "दाजी, आमच्या पोराला जपानला जॉब लागला. टोकियोला. एप्रिलमध्ये आम्हाला बोलावलंय." आणि खिशातून मोबाइल काढून आम्हा दोघांच्या मधोमध धरला. "तिथं पण आहे म्हणे डिस्नेलँड. १९८३पासून. आणि शेजारी समुद्राचं म्हणून आणखी एक. किल्ला बघा की, एक्कावन्न मीटर."

मी मनात मीटरचे फूट केले. साडूनेही केले असणार, कारण आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. १६७. त्याच्यापेक्षा कमी, पण माझ्या दुपटीहून जास्त.

"ते त्या कंपनीचं नाहीच," साडू म्हणाला.

"नाहीच," मी म्हणालो. "जपानी कंपनी आहे वेगळी. नुसता परवाना घेऊन चालवतात."

"नाव यांचं, धंदा त्यांचा."

"ते धरायचं नाही."

"धरायचंच नाही बे," साडू म्हणाला आणि तुपाची वाटी स्वतः होऊन माझ्याकडे सरकवली. मेहुण्याने मोबाइल खिशात घातला.

रात्री दारूकाम बघून साडूने आम्हाला गाडीतून घरी सोडलं. एरवी रिक्षा बघून द्यायचा. गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही म्हणून वेशीपाशीच लावली आणि मोटारसायकली चुकवत, हातात पोळ्यांचा डबा घेऊन आमच्या दारापर्यंत चालत आला. धाप लागली होती.

"पार्किंग फार लांब आहे तुमचं, साडू," म्हणाला.

"बोट लागत नाही अजून," मी म्हटलं.