ते हे आण

परवा मला वीसपैकी नऊ मार्क पडले. वय वर्षं अडतीस. शाळेत असतो तर प्रगतीपुस्तकावर वडिलांची सही मीच ठोकली असती. इथं रिपोर्ट थेट मॅनेजरकडं जातो.

काम थोडक्यात सांगतो. एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणाऱ्या प्रोग्रामला, कामं करायला टूल्स देतात. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रोपिक या एआय कंपनीनं एमसीपी, म्हणजे एजंटला टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत, काढल्यापासून तर ज्याला त्याला आपापली टूल्स जोडायचीत. टूलच्या आतला कोड एजंटला दिसत नाही. नाव, वर्णन आणि काय काय भरून द्यायचं त्याचा तक्ता, एवढ्यावर त्यानं ठरवायचं. ती वर्णनं मी लिहितो. मग एजंटला वीस कामं देऊन बघतात, नेमकं टूल उचलतोय का म्हणून.

कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीत लाइट गेली म्हणून रिपोर्ट घेऊन उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपवर जाऊन बसलो. तिथले मिस्त्री लेथ थांबवून माझ्या स्क्रीनवर वाकले.

"काय टूल टूल लावलंयस? हत्यारं व्हय?"

"तसंच समजा."

"किती हायत?"

"चौदा."

"आणि चुकलं काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गिऱ्हाईक विचारतंय, माझी ऑर्डर कुठवर आली. एजंटनं ऑर्डरच रद्द केली. नशीब, चाचणीतलीच ऑर्डर.

मिस्त्रींनी लेथ पुसायचा बोळा खांद्यावर टाकला. "दोन्ही हत्यारांवर लिवलंयस काय?"

एकावर होतं, 'ऑर्डरसंबंधी कामे करते.' दुसऱ्यावर, 'ऑर्डरची माहिती हाताळते.'

"मग त्यात त्या गड्याची काय चूक? पेटी बंद, वर चिठ्ठी तू लिवलेली. चौदा-पंधराच्या पान्यावर 'नट फिरवतो' आणि छिन्नीवर 'नटाचं काम करते' लिवलंस, तर तो नट फोडणारच की!"

शेजारच्या मशिनवरचा माणूसही हसला. त्याला काय कळलं होतं देव जाणे.

मी म्हटलं, रद्द करणाऱ्या टूलवर नासधूस होऊ शकते अशी खूण लावायची सोय असते. 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' म्हणतात.

"लावलीस?"

"नाही."

"आणि लावली तर त्यो थांबतो?"

"तसं काही नाही. नुसतीच सूचना असते."

"म्हंजे 'येथे थुंकू नये'."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि अजून नाही.

खरं तर वर्णन अर्धवट सोडायचा रोग आपल्या गावाचाच आहे. मिसळीच्या गाडीवर विचारतात, "मध्यम का तिखट?" मध्यम कुणाच्या मापानं? पुण्याचा पाहुणा विश्वासानं मध्यम म्हणतो आणि तिसऱ्या घासाला डोळे पुसत दही मागतो. पत्ता विचारा: "पापाच्या तिकटीवरनं सरळ जावा, मग कुणालाबी विचारा." हे 'कुणालाबी विचारा' माझ्या तीन टूल्सच्या वर्णनात निघालं, फक्त प्रमाण भाषेत. तारीख कशी लिहायची ते दिलेलं नाही, म्हणून ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे हे एजंटनं मनानं ठरवलं. चुकीचंच ठरवलं.

एवढ्यात मिस्त्री लेथकडं वळले आणि मागं न बघता ओरडले, "ए, ते हे आण रं!"

पोरगं उठलं, चाळीसएक हत्यारांच्या ढिगातनं बारा-तेराचा रिंग पाना काढून हातात ठेवला आणि परत मोबाईल बघत बसलं.

ते हे. ना नाव, ना माप. वीसपैकी वीस.

"हे कसं काय?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"सहा वर्षं हाय माझ्याकडं. मी कुठला नट धरलाय ते बघतंय की ते."

माझं दुखणं तेच आहे. माझा एजंट रोज पहिल्याच दिवशी कामाला लागतो. काल शिव्या खाल्ल्यात, हे त्याला आज ठाऊक नसतं. त्याला सगळं चिठ्ठीतनंच कळायचं. मग तिथंच बसून लिहिलं: स्थिती विचारली तरच हे टूल वापरा, रद्द करायला वापरू नका, ऑर्डर नंबर पुढच्या शून्यांसकट द्या, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. पुन्हा वीस कामं लावली. सतरा.

पेढे कुणी वाटले नाहीत. संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला: वर्णनं फार लांबलीत, चौदाची चौदा दर वेळी एजंटला वाचायला जातात, टोकन (एजंट वाचतो त्या मजकुराचे तुकडे) जळतात, जरा आटोपशीर करता येतील का?

उत्तरात दोनच शब्द टाइप केले, 'ते हे', आणि पाठवायच्या आधी खोडले. पोटाचा प्रश्न आहे.