छोटा डिझेल जनरेटर सुरू होत नाही म्हणून पेट्रोल टाकायच्या मेसेजबद्दल खुलासा

ग्रुपवर मेसेज फिरतोय की हॅण्डल मारून जनरेटर सुरू झाला नाही म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलं, एअर फिल्टर काढून पेट्रोल किंवा इथर (चटकन पेटणारा स्टार्टिंग स्प्रे) मारा. हे चुकीचंय आणि धोक्याचंपण. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते, हवा दाबून तापते त्यावर डिझेल पेटतं, त्यात इथर पिस्टन वर यायच्या आधीच भडकतं, हॅण्डल उलटं फिरून मनगट मोडू शकतं. अशाने वाकलेला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडणारा दांडा) मी स्वतः खोलून बघितलाय.

आधी सायलेन्सर बघा. हॅण्डल मारताना धूर अजिबात नाही म्हणजे डिझेलच पोचत नाहीये, टाकी संपून लाइनीत हवा शिरली असेल तर पंपाजवळचा बोल्ट ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा, मग बोल्ट परत घट्ट करा, बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही, मग कॉम्प्रेशनकडे वळा. डीकॉम्प्रेशन लिव्हर (हॅण्डल हलकं फिरावं म्हणून दाब सोडणारा) पूर्ण मूळ जागी परत आलाय ना, टॅपेटला (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) गॅप आहे ना? तरी हॅण्डल हलकंच फिरत असेल तर इनटेकमधून (हवा आत जायची वाट) अर्धाच चमचा इंजिन ऑइल सोडा, दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) खराब.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा.